पांढऱ्या स्ट्रॉबेरीचा नवस

तिसरा तुकडाही जळला. रोसेन्दोने तो चुलीच्या लोखंडी पत्र्यावरून चिमट्याने उचलला, उलटा करून दुसरी बाजू पाहिली आणि निमूटपणे कोंबड्यांच्या डब्यात टाकला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "म्हाताऱ्या, पाव भाजतोयस की घर?"

"पाव."

"मग धूर घराचा का येतोय?"

"लाकूड फार वाळलेलं आहे. चूल एकदम पेटली."

"जन्म गेला लाकडाच्या गिरणीत, आणि कुठलं लाकूड कसं पेटतं ते कळलं नाही तुला!"

"गिरणीत आम्ही लाकूड कापायचो. जाळत नव्हतो."

"एकदा जाळलंत की! अर्धी गिरणी!"

यावर दोघंही हसले. तिच्या हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेपर्यंत रोसेन्दो हातात चिमटा धरून दाराकडे बघत उभा राहिला. पानगळीच्या दिवसांत झुनिल्दाचं अंथरूण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणलं होतं, तेव्हापासून मधलं दार कुणी लावलं नव्हतं. तिला दिसायचा तो फक्त चुलीचा कोपरा आणि रोसेन्दोची पाठ. बाकीचं ती कानांनी आणि नाकाने बघायची.

"नवा तुकडा टाक," ती म्हणाली. "आणि त्याच्याकडे बघत बसू नकोस. खिडकीतून बाहेर बघ. वास आला की परत."

तो खिडकीतून बघू लागला. उतारावर अजून धुकं होतं. पुरेन गावाची घरं खाली कुठेतरी असणार, पण या वेळी ती तिथे आहेत यावर कुणी पैज लावायला तयार नसतं. जग कुंपणापर्यंतच असतं. धुक्यात टिटव्या ओरडत होत्या. कुंपणाची पिवळी फुलं तेवढी धुक्यातूनही दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे, डोंगराच्या अंगावर आडव्या ओळींत, झुनिल्दाचं स्ट्रॉबेरीचं शेत. वसंत सरत आला की या शेताचा वास घरात येतो. भिंतींना लागतो, उशीला लागतो. अर्धवट झोपेत कितीतरी वर्षं रोसेन्दोला वाटत आलं होतं की हा वास आपल्याच स्वप्नातून बाहेर पडतो आहे.

पावाचा वास आला. त्याने तुकडा उलटला. सोनेरी होता. त्याला एवढा आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावासा वाटला.

"जमला," तो म्हणाला.

"एक?"

"एकच."

"तुला एक पुरे. उरलेला पाव जळायचा वाचला."

रोसेन्दोने पावाचा नवा तुकडा कापला. त्याला दोन हवे होते. दुसरा कशाला, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

या डोंगरावरची स्ट्रॉबेरी पिकली तरी लाल होत नाही. पांढरीच राहते, फार तर एका गालावर किंचित गुलाबी. अंगावरचं बी तेवढं लालसर होतं. ती पिकली की नाही ते वासावरूनच ओळखायचं. झुनिल्दा वाकून फळाजवळ नाक न्यायची आणि म्हणायची, "ही झोपलीय. ही जागी आहे." जाग्या झालेल्या तेवढ्या तोडायची. काल पहिल्यांदाच तोडायला रोसेन्दो गेला, आणि त्याने आणलेला वाडगा हुंगून ती म्हणाली होती, "अर्ध्या झोपेतून उचलून आणल्यास रे! असू दे. रात्रभर चुलीजवळ ठेव, होतील जाग्या."

आणि खरंच झाल्या होत्या.

इतकी वर्षं या स्ट्रॉबेऱ्या तिने लावल्या, निंदल्या, तोडल्या, रस्त्याच्या कडेला बसून विकल्या. मोठ्या पातेल्यात मुरंबा केला. दर वसंतात पहिल्या तोडीच्या सकाळी रोसेन्दोसाठी घरचा पाव भाजला, त्यावर लोणी लावलं आणि लाकडी चमच्याने ठेचलेली फळं पसरली. मात्र एकही फळ तिने कधी तोंडात घातलं नाही. मनगटावर रस ओघळला तर फडक्याने पुसायची. साखरेचा अंदाजही तिला रोसेन्दोलाच विचारावा लागायचा. "गोड झालंय?" आणि तो भरल्या तोंडाने मान हलवायचा.

लग्न झालं त्या वसंतात त्याला वाटलं, हिला आवडत नसेल. गंमत म्हणून त्याने एक फळ तिच्या ओठांना लावलं. ती उठून बाहेर गेली ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग अंधार पडताना स्वतःच सांगितलं. तिचा धाकटा भाऊ निबाल्दो पर्वतापलीकडे अर्जेंटिनात मेंढ्या कातरायला गेला होता. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा. एक हंगाम म्हणून गेला आणि परतला नाही. निरोप नाही, की कुणी पाहिल्याची खबर नाही. लहानपणी दोघं बहीणभाऊ या उतारावर पोटावर सरपटत परक्याच्या स्ट्रॉबेऱ्या चोरून खायचे. आई रडून रडून आंधळी व्हायची वेळ आली, तेव्हा झुनिल्दा युम्बेलच्या संत सेबास्तियानपुढे गुडघ्यांवर चालत गेली आणि नवस बोलली: निबाल्दो दारात पाऊल ठेवील तोवर स्ट्रॉबेरी माझ्या जिभेला लागणार नाही.

आई गेली. गुरं गेली, गिरणी बंद पडली. मूल झालं नाही. नवस राहिला.

आता डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. "जे मागतील ते द्या," एवढंच ते म्हणाले होते, आणि असं डॉक्टर कधी म्हणतात ते डोंगरावर सगळ्यांना माहीत होतं. पण झुनिल्दा काही मागतच नव्हती. दोन घोट सूप, की झालं. फक्त काल वाडगा हुंगताना तिने डोळे मिटले होते आणि वाडगा परत द्यायला जरा उशीर केला होता. तेवढ्या उशिराने रोसेन्दोला उमगलं. ही चव न घेताच जाणार.

म्हणून काल ऊन कलताना तो कुंपणापाशी गेला. पलीकडे होविता वाटाणे सोलत बसली होती. कुणी गेलं की नऊ दिवस प्रार्थना सांगायला तिलाच बोलावतात. नवसा-सायासांचं तिच्याइतकं कुणाला कळत नाही, असं ती स्वतःच म्हणते.

"शेजारीणबाई, एक विचारायचं होतं."

"विचारा की. पण उभ्याने नको, मान दुखते माझी वर बघून."

तो कुंपणाच्या ओंडक्यावर टेकला. बरंच अडखळत त्याने विचारलं, एकाचा नवस दुसऱ्याला घेता येतो का.

"मेल्यावर येतो. येतो काय, घ्यावाच लागतो. माझ्या सासऱ्याच्या मेणबत्त्या माझ्या नवऱ्याने लावल्या, नवऱ्याच्या मी लावतेय. सेबास्तियान वसुली सोडत नाही, शेजारी. तुमच्या त्या बँकवाल्यांपेक्षा वाईट."

"जिवंतपणी?"

होविताचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या खिडकीकडे.

"जिवंतपणी मी ऐकलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "पण नाही म्हणून सांगितलेलंही ऐकलं नाही. देणाऱ्याने तोंडाने द्यावा, घेणाऱ्याने तोंडाने घ्यावा, एवढं तरी लागेलच. ती देईल?"

"माहीत नाही."

"तुम्हाला कधी काही माहीत असतं का हो?" ती म्हणाली, पण ओंजळभर वाटाणे त्याच्या टोपीत ओतले.

दुसरा तुकडा जमायला आणखी दोन जळावे लागले. मग त्याने वाडग्यातली फळं चमच्याने ठेचली. फार नाही, ती ठेचायची तशीच, अर्धीमुर्धी. साखर घातली. चव बघायला चमचा तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. अजून त्याने कुणाला शब्द दिला नव्हता. तरी त्याला ते बरं वाटेना. गोड झालं असेल नसेल, असेल ते असेल. गरम पावावर लोणी लावताच ते वितळून कडांकडे पळालं. त्यावर पांढरा गुलाबी लगदा पसरून त्याने दोन्ही ताटल्या उचलल्या.  आपल्याला जमेल का, हा प्रश्न त्याला जन्मभराचा होता, पण आज तो पहिल्यांदाच पावापुरता नव्हता.

झुनिल्दाने ताटल्या पाहिल्या. एक, आणि दुसरी.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. ही तुझी."

तिने ताटलीवरून नजर त्याच्याकडे नेली. मग म्हणाली, "चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. नवस मला दे."

"काय?"

"मला दे तुझा नवस. मी घेतो. होविताला विचारलंय."

"होविताला! म्हणजे आता डोंगरभर झालं असेल!"

"होऊ दे."

"असा देता येत असता तर मी गुडघेदुखी नसती दिली तुला आधी?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर संताचं लहानसं चित्र होतं, अंगात बाण रुतलेलं, धुराने तपकिरी पडलेलं.

रोसेन्दो ताटल्या घेऊन उभाच राहिला. बसावं की नाही ते त्याला कळेना.

"तुला काय वाटतं," भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "मला कळत नाही तो येणार नाही ते? कधीचंच कळतं. आई गेली तेव्हाच कळलं. पण मी खाल्लं, तर मीच त्याला पुरलं असं होईल. अजून कुणी पुरलेलं नाही त्याला. कुठे पडलाय कुणास ठाऊक. मी खात नाही तोवर तो नुसता उशीर करतोय."

हे तिने याआधी कधी सांगितलं नव्हतं. रोसेन्दोला बोलता फार येत नसे. जे सुचायचं ते दोन दिवसांनी. पण या वेळी ते तोंडात तयार होतं, जणू कुणी ठेवून गेलं होतं.

"त्याला करू दे उशीर," तो म्हणाला. "वाट मी बघतो. तू दमलीस."

ती त्याच्याकडे वळली.

"नुसती स्ट्रॉबेरी सोडून होत नाही ते. कळतंय का? खरंच वाट बघावी लागते. रोज. तुला येईल?"

"शिकेन."

"पाव भाजायला शिकलास तसा?"

"तसाच."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिने हात अंगावरच्या पांघरुणावर उपडा ठेवला आणि चित्राकडे बघून, दुकानदाराशी बोलावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "सेबास्तियान, माझा नवस मी याला देते. माणूस विसरभोळा आहे, पण लबाड नाही."

रोसेन्दोने गुडघे टेकायचा विचार केला.

"वेडा आहेस का? उठवणार कोण तुला? उभ्यानेच बोल."

"घेतला," तो म्हणाला.

खोलीत काहीच झालं नाही. धुकं जरा पातळ झालं असावं, कारण पांघरुणावर उजेडाचा एक फिका पट्टा आला. त्याने तिच्या पाठीशी उशी लावली, पाव मोडून लहानसा घास केला आणि तिच्या ओठांशी नेला. आता ती उठून बाहेर जाऊ शकत नव्हती, हे त्याला तेव्हा आठवलं, आणि त्याचा हात क्षणभर मागे आला. तिने स्वतःच मान पुढे केली.

ती किती तरी वेळ चावत राहिली. डोळे उघडे होते, पण खोलीत नव्हते. बाहेर टिटव्याही गप्प झाल्या होत्या.

"मला वाटलं होतं, याहून मोठी असेल चव," अखेर ती म्हणाली.

रोसेन्दोने घाईने विचारलं, "साखर चुकली का? मी बघितली नाही..."

"साखर जास्त झालीय. पण ते नाही." तिने जीभ ओठांवरून फिरवली. "लहानपणी तोंड लहान असतं ना, म्हणून मोठी लागत असेल. बघतोस काय? दे अजून."

तिने दुसरा घास खाल्ला आणि तिसरा. हनुवटीवर रस ओघळला. तिने तो पुसला नाही, बोटाने टिपून चाटला. आणि तसं करताना तिचा चेहरा असा झाला की रोसेन्दोने दुसरीकडे पाहिलं. ती मुलगी त्याने कधी पाहिली नव्हती. तो भेटायच्या आधीच ती उतारावर कुठेतरी राहून गेली होती.

अर्धा तुकडा उरला तेव्हा तिने मान हलवली. "पोट भरलं," ती म्हणाली. असं तिने बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं. आणि मग, डोळे मिटता मिटता, "त्याला गोऱ्या मुली आवडायच्या. तिकडे कुणीतरी करून दिलाच असेल त्याला पाव भाजून. नाही?"

"दिला असेल."

ती झोपली. श्वास हलका होता, पण एका लयीत. रोसेन्दो तिच्याजवळ बसून राहिला. मग ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात आला. आपल्या तुकड्यावरचा लगदा त्याने चमच्याने खरवडून वाडग्यात काढला. संध्याकाळी तिने मागितलं तर. पाव दोन्ही बाजूंनी नीट पुसला आणि मेजाशी बसून कोरडाच खायला घेतला. वास येत होता, अगदी जवळून, आणि तोंडाला पाणी सुटत होतं. जन्मभर तिला असंच होत असणार, हे त्याच्या मनात आता आलं. तो सावकाश चावत राहिला.

खालच्या वळणावर बस थांबल्याचा आवाज झाला. दार उघडलं, कुणीतरी उतरलं, दार बंद झालं. बस पुढे गेली. रोसेन्दोने हातातला पाव खाली ठेवला, पॅन्टला हात पुसले आणि पाय न वाजवता दारापाशी जाऊन अडसर काढला. धुक्यात रस्ता अजून अर्धाच दिसत होता. कुणीतरी पिशवी खांद्यावर घेऊन वर चढत होतं, बुटांखाली खडी वाजत होती. फाट्यापाशी ती पावलं थोडी थांबली आणि खालच्या शेतांकडे वळली. हळूहळू ऐकू येईनाशी झाली.

रोसेन्दो दार उघडं ठेवून उभा राहिला. चुलीवरची किटली उकळू लागली, तरी तो हलला नाही.