फायटर उशिरा पोचावीत म्हणून

“तुमी एअरफोर्सात हुता न्हवं, मामा? मग सांगा की, आपल्या फायटरास्नी पोचाय किती येळ लागंल?”

फौंड्रीतल्या बाळासो क्लार्कनं हे विचारलं तेव्हा आकाराम ऑफिसातल्या रेडिओसमोर उभा होता. दिल्लीहून ट्रंककॉल आला म्हणून त्याला गेटवरून आत बोलावलं होतं. त्याची लेक ललिता तिथं ज्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथून फोन होता. एका म्हाताऱ्या पेशंट बाईंना घेऊन ती श्रीनगरहून विमानानं निघाली होती आणि ते विमान वाटेतच कुणीतरी पळवलं होतं. एवढं कळलं आणि लाइन कटली.

आकारामनं उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात, रडारच्या पडद्यासमोर काढली होती. अंधाऱ्या खोलीत ठिपक्यांवर नजर ठेवायची आणि अनोळखी ठिपका दिसला की वर कळवायचं, हे त्याचं काम. पेन्शनीत आल्यावर तो शिरोलीला या फौंड्रीत वॉचमन झाला. इतकी वर्षं विमानांच्या संगतीत काढूनही प्रवासी म्हणून तो कधी विमानात बसला नव्हता. लेक नर्स झाली आणि पेशंटबरोबर का होईना बसली, हे त्यानं सगळ्या फौंड्रीला सांगितलं होतं.

“उडाय येळ न्हाय लागत,” तो म्हणाला. “पायलट तयारच असत्यात. पर दुश्मनाचं इमान असलं तर हुकूम ठरल्याला असतोय. हितं आपलीच मानसं भरल्यात. काय करायचं, ते वर इचाराय लागतंय. तवर सरहद्द येती.”

पुढच्या बातम्यांत हवाई दलाची विमानं मागावर गेल्याचं सांगितलं. ऑफिसातल्या माणसांना हुरूप आला. आता पोरगी सुटली म्हणून बाळासोनं त्याच्या पाठीवर थाप मारली. आकारामनं मात्र सायकल काढली आणि घर गाठलं.

घरी आळीतल्या बायका जमल्या होत्या. बायडाबाई भिंतीला टेकून बसली होती. बातमी तिनंही ऐकली होती. नवरा आलेला बघून तिनं बायकांना घरी जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

“पोचली म्हंजे काय करत्यात वो ती फायटर?”

“शेजारनं उडत्यात. खाली उतर म्हणून खुणा करत्यात.”

“आन न्हाय उतरलं तर?”

आकाराम तांब्यातलं पाणी प्यायला. बायडाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

“म्हंजे पोचू नयेत, असंच म्हना की.”

“व्हय,” तो म्हणाला. “उशीर व्हावा.”

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकवेनात. कळवायला जरा उशीर झाला तर साहेब लोक किती फाडून खायचे! बायडाबाईनं उठून बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. पण काय मागावं ते तिला सुचेना. हात जोडून ती नुसतीच उभी राहिली.

दिवस मावळताना बातमी आली. विमान सरहद्दीपलीकडं जाऊन उतरलं होतं आणि आपली फायटर परत फिरली होती. बाळासो धीर द्यायला मुद्दाम घरी आला, पण चहा पिताना त्याचाही तोल गेला. हवाई दल झोपा काढतंय, असल्या लोकांना फुकट पोसलंय, असं काहीबाही तो बोलत सुटला. एरवी आकाराम असलं काही ऐकून घेणारा नव्हता. त्या दिवशी तो मान खाली घालून बसला.

नंतर बोलणी होऊन सगळे प्रवासी सुटले. ललिता रजा घेऊन घरी आली. मग एका दुपारी तिघं जेवायला बसले असताना आपणहून म्हणाली, “आबा, एक फायटर अगदी आमच्या पंखाजवळ आल्तं. पायलटचं टोपडंसुदीक दिसत हुतं. मला वाटलं, तुमचीच मानसं आली. मी खिडकीतनं हात हलवला.”

“मग?” बायडाबाईनं विचारलं.

“मग ते हळूहळू मागं गेलं. लई वाकून बघितलं, पर दिसंना. तवा मला लई रडू आलं. वाटलं, टाकून गेली.”

फायटर मागं जातं ते नेम धरायला, हे आकारामला ठाऊक होतं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“टाकून न्हाय गेली, बाळ,” तो म्हणाला. “मागंच हुती.”

ललितानं मान हलवली. तिला तेवढ्यानं बरं वाटलेलं दिसलं. नको म्हटलं तरी बायडाबाईनं तिच्या ताटात आणखी भाकरी वाढली, आणि तिच्या पाठीवर ठेवलेला हात काही काढला नाही.