साठावा हात

वेदना ही माणसाजवळची सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. भूलतज्ज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरबाईंनी आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलं, तेव्हा त्यांनी सुताराची सासू पाहिली नव्हती.

हाताच्या शस्त्रक्रियेआधी सुई देऊन तेवढा हातच बधिर करायचा. त्या औषधात कुणाला 'अ' मिसळायचं, कुणाला 'ब'. कुठल्या कुपीत काय, हे बाईंनाही ठाऊक नाही. हात किती तासांनी दुखायला लागतो, एवढंच लिहायचं. एकोणसाठ रुग्ण झाले होते. साठावा हा मनगट मोडलेला सुतार. कुणाला 'अ' मिळालं, कुणाला 'ब', हे ज्यात लिहिलं होतं ते सीलबंद पाकीट आज दुपारी विभागप्रमुख फोडणार होते. साठ भरले नाहीत, तर पदवी वर्षभर लांबणार.

सुई काल संध्याकाळी पाचला दिलेली. आता सकाळचे आठ.

"दुखतंय?"

"छे!"

"जरासुद्धा?"

"मजेत आहे."

"आमचे जावई म्हणजे दगड," शेजारच्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या. कौतुक होतं की तक्रार, कळायला मार्ग नव्हता.

पंधरा तास! बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण दगडाच्या कपाळावर घाम होता, पायाची बोटं आखडली होती आणि चांगल्या हातानं चादरीचा बोळा केला होता. पंधरा हा आकडा मात्र कागदावर फार देखणा दिसला असता. बाईंनी एक उसासा सोडला.

"सासूबाई, खाली खिडकीवर तुमची एक सही राहिलीय बघा."

त्या दाराबाहेर गेल्या मात्र, दगडाला कंठ फुटला.

"मेलो हो डॉक्टरबाई! सहापासून जीव जातोय!"

"मग बोललात का नाही?"

"त्यांच्यासमोर? लग्नात म्हणाल्या होत्या, याला रंधा तरी उचलेल का!"

बाईंनी आधी त्याला दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, मग लिहिलं: तेरा तास.

दुपारी पाकीट फुटलं. सुतार 'ब'मधला निघाला. त्याचे तेराच धरूनही 'ब'नं 'अ'ला सरासरी चार तासांनी धूळ चारली होती. तीन वर्षांत "हं"च्या पुढे न गेलेले विभागप्रमुख चक्क खुर्चीतून उठले.

"शाब्बास! फत्ते केलीस!"

सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. बातमी वॉर्डात पोचली तेव्हा सुतारानं, आपणच जिंकल्यासारखा, चांगला हात उंचावला. सासूबाईंनीही मान डोलावली.

आधीच्या एकोणसाठ जणांच्या शेजारी कोण बसलं होतं, याचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.