रुसलेल्या भुऱ्याची मनधरणी

मोताळ्याच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी उकंडरावांना शोधत. जबडा उघडून ते एकदा आत डोकावले, की जनावराचं वय, त्याचं खाणंपिणं आणि विकणाऱ्याची लबाडी, सगळं सांगून मोकळे होत. जनावराच्या मनातलं आपल्याला कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती. माणसांच्या मनातलं तर त्याहूनही लवकर कळे, म्हणून माणसांना काही विचारायच्या भानगडीत ते पडत नसत.

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या साली श्रावण दोन आले होते. अधिक महिना म्हणजे जावयाला बोलावून धोंडे-अनारसे खाऊ घालायचा महिना. गावात घरोघरी जावई उतरले होते. उकंडरावांच्या ओसरीवर मात्र एक गिनीपिग तेवढा होता.

तोही जावयाकडूनच आलेला. जावई अर्जुनराव चिखलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. प्रयोगशाळेतलं एक भुरकं पिल्लू त्यांनी बायकोला, म्हणजे उकंडरावांच्या एकुलत्या एका बेबीला, पाळायला दिलं होतं. पहिल्या दिवाळसणाला ती ते खोक्यात घालून माहेरी घेऊन आली. पंगतीत उकंडराव चार पाहुण्यांदेखत म्हणाले, "आमचा जवाई उंदरं पाळते अन् सरकार त्याले पगार देते!" पंगत खदखदून हसली. अर्जुनराव अर्ध्या ताटावरून उठले आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं बेबीला घेऊन निघून गेले. घाईत खोकं तेवढं मागे राहिलं.

"रुसला तं रुसू दे," उकंडराव म्हणाले. "मी काही त्याच्या दाढीले हात लावाले जात नाही." पुढे बेबीचंही पत्र आलं नाही, तेव्हा तीही रुसली असं त्यांनी ठरवून टाकलं.

खोक्यातला भुऱ्या मात्र राहिला आणि म्हाताऱ्याच्या गळ्यातला ताईत झाला. उकंडराव मळ्यातून आले आणि दारात जोडे काढू लागले, की खोक्यातून जोरात शिट्टी सुटे. कुईक, कुईक, कुईक! पूर्वी बेबी अशीच आतून "बाबा आले" म्हणून ओरडायची. हे उकंडरावांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण जोडे काढायला त्यांना हल्ली फार वेळ लागे.

बेबी भुऱ्याला गवत घालायची. उकंडरावांना ते काही पटलं नाही. जावयाच्या घरून आलेल्या पाहुण्यापुढे गवत टाकायचं म्हणजे काय? गवत बैलांना. पाहुण्याला दुधात कुस्करलेली पोळी, भिजवलेली डाळ, सणावाराला पुरणाचा गोळा. नऊ महिने भुऱ्याची अशी सरबराई चालली होती.

अधिक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शिट्टी बंद झाली. उकंडरावांनी जोडे काढले, परत घातले, परत काढले. खोक्यातून काही म्हणजे काही आवाज नाही. वाटी पुढे ठेवली की भुऱ्या लगबगीनं यायचा, तोंड लावायचा, घास खाली पाडायचा आणि पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसायचा. हनुवटीखालचे केस ओलेचिंब असायचे. हात लावला तर अंग चोरायचा.

दोन दिवस नीट पाहून उकंडरावांनी निदान केलं. "रुसला हाय," ते बायकोला म्हणाले.

"उंदीर रुसते?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"अवं, पाह्य ना! ताटावर येऊन बसते, तोंड लावते अन् पाठ फिरवते. तोंडाले पानी तं सुटून राह्यलं, पन खाईन तं शपथ. खास जवायाचं लक्षन हाय हे. परवा पायात आला म्हनून मी वरडलो ना त्याच्यावर, त्याचा राग."

मग मनधरणी सुरू झाली. खोक्यात धुतलेलं धोतर अंथरलं गेलं. कौशल्याबाईंनी कुणी येईल या आशेवर, नवऱ्याला न विचारता, तेहतीस अनारसे तळून डब्यात भरले होते. त्यातला एक उकंडरावांनी काढला, तुपात मऊ केला आणि गुडघे टेकून भुऱ्यापुढे धरला. "खा ना बाप्पा. चुकलं माह्यं. मोठ्या मनानं माफ कर," असं ते म्हणत असताना शेजारची सोजराबाई ताक मागायला आली. तिनं ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावानंही ऐकलं.

कौशल्याबाईंना मात्र हसू आलं नाही. "उंदराले अनारसा, अन् जवायाले साधं कार्ड बी नाही," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

आठव्या दिवशी उकंडरावांनी भुऱ्याला उचललं, तर बोटांना नुसत्या बरगड्या लागल्या. हा गेला तर बेबीचं या घरात काहीच उरत नव्हतं. त्या दिवशी त्यांच्याही घशाखाली घास उतरला नाही. शेवटी ते पोस्टात गेले आणि त्यांनी कार्ड लिहिलं, अर्थात जनावरापुरतंच: "श्री. अर्जुनराव यांस. आपला प्राणी आठ दिवसांपासून रुसून बसला आहे. ताटावर येतो, तोंड लावतो, खात नाही. शिट्टी बंद. उपाय कळवावा. उकंडराव."

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं उपाय स्वतःच आला. अर्जुनराव एकटेच होते. त्यांनी पाण्याचा तांब्याही घेतला नाही, सरळ भुऱ्याला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. "मामाजी, इकडं पाहा."

पुढचे दात वाढून, वाकून एकमेकांत अडकले होते.

"याचे दात जलमभर वाढतात. गवत चावलं की झिजतात. तुमी खाऊ काय घालत होते?"

उकंडरावांनी पायानं अनारशाचा तुकडा हळूच मागे सारला. अख्ख्या तालुक्यातल्या बैलांचे जबडे उघडणाऱ्या माणसानं हा एवढासा जबडा तेवढा उघडला नव्हता. "मले वाटलं, रुसला," ते पुटपुटले.

"जनावर रुसत नाही, मामाजी. दुखलं की गप बसते."

अर्जुनरावांनी प्रयोगशाळेतली बारीक कात्री आणली होती. दात कापले, मेथी वाटून तिचा रस थेंबथेंब पाजला. ऊन उतरता उतरता भुऱ्यानं कोवळ्या हरळीची एक काडी तोंडात धरली आणि ती हळूहळू आत गेली. उकंडराव ती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

मग कौशल्याबाईंनी पाट मांडला. जावई खाली मान घालून जेवत होता. इतक्या उपकारानंतर आपणही काही बोलावं, असं उकंडरावांना वाटलं. "बेबी काऊन नाही आली?" ते म्हणाले. "अजून रुसलीच हाय काय?"

अर्जुनरावांचा हात ताटातच थांबला. "तुमचं कार्ड आलं तवा ती चुलीपाशी होती. तीन खेपा वाचलं तिनं. मंग उलटून पत्त्याच्या बाजूनं पाह्यलं. मी म्हनलं, काय पाहून राह्यली? तं म्हने, माह्यं नाव कुठी हाय काय ते."

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. उकंडरावांना लाज वाटली. अशी लाज त्यांना उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती आणि तिचं काय करायचं हेही त्यांना कळेना. ते उठले आणि उगाच खोक्यात आणखी गवत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सासरा-जावई एकाच गाडीनं चिखलीला निघाले. उकंडरावांच्या मांडीवर अनारशांचा डबा होता.

दार बेबीनं उघडलं. ती वाळली होती. बापाकडे तिनं पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. चौकटीला धरून नुसती उभी राहिली.

रुसली, असं उकंडरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बेबी," ते म्हणाले, "तुले काय दुखून राह्यलं, माय?"

तिचे डोळे भरून आले. तिनं त्यांच्या हातातला डबा घेतला.

"आधी आत या, बाबा," ती म्हणाली. "सांगाले लई टाइम लागीन."