नकाशाच्या कडेला नदी

दहा मिनिटंही एका जागी टिकत नाही म्हणून ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. पण गेले तीन आठवडे ती खुर्चीला चिकटून होती. पाणी निचरा विभागाने तिला सगळं शहर संगणकात उभं करायला सांगितलं होतं. जमिनीचे दोन-दोन मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला त्याची उंची द्यायची, घरं, रस्ते, नाले बसवायचे, मग वरून पाऊस पाडायचा आणि कुठे किती पाणी साठतं ते बघायचं. खरंखोटं पारखायला सहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराचा पाऊस घ्यायचं ठरलं होतं.

सोमवारी तिने तयार झालेल्या पहिल्या भागावर, एका नाल्याभोवतीच्या वस्त्यांवर, तो पाऊस पाडला आणि पडद्यावर खालची वस्ती छातीएवढ्या पाण्यात गेली. साहेबांनी तो गडद निळा पट्टा पाहिला आणि म्हणाले, गुरुवारच्या बैठकीत ही चारशे घरं हलवायचा प्रस्ताव ठेवू. त्या चारशेतलं एक घर भिंगरीचं होतं. लग्न होऊन चारच वर्षं झालेली, त्यामुळे तो पूर तिने स्वतः पाहिलेला नव्हता.

संध्याकाळी जेवताना तिने घरात सांगून टाकलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई मात्र शांतपणे जेवत होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत त्या नदीवर पाण्याची पातळी वाचायच्या कामावर होत्या, एवढं भिंगरीला माहीत होतं. त्यापलीकडे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. दोघींत भांडण नव्हतं, पण बोलणं मीठ-मसाल्याच्या पुढे जात नसे.

"छातीएवढं? कुणाच्या?" सासूबाईंनी विचारलं. "त्या दिवशी मी चपला हातात घेऊन याच गल्लीतून कामावर गेले. पाणी घोट्याला होतं. भिंतीवरचा डागही त्याच्या वर गेलेला नाही."

"पण आई, गणित तसं सांगतंय."

"मग गणिताला विचार, नाल्याचं पाणी पुढे कुठे जातं."

मंगळवारी सकाळी भिंगरीने गणिताला तोच प्रश्न विचारला, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. तिचा नकाशा नाल्याच्या तोंडाशी संपत होता, नदीच्या अलीकडे. वरच्या कडेने डोंगराकडचं पाणी किती आत येतं हे तिने नीट भरलं होतं, पण खालच्या कडेला काय होतं हे सांगायचंच राहिलं होतं. आणि सांगितलं नाही की संगणक तिथे भिंत धरतो. नाल्यात उतरलेलं सगळं पाणी त्या नसलेल्या भिंतीला अडून खालच्या वस्तीत फुगत होतं.

तिने कड मोकळी केली आणि पुन्हा पाऊस पाडला. आता पाणी असं सरसर निघून गेलं की वस्ती कोरडी ठणठणीत. आगीतून फुफाट्यात! कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्या पुरात गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याचा फोटो त्याच्या दुकानात टांगलेला आहे. म्हणजे भिंतही खोटी आणि मोकळं रानही खोटं. खरी गोष्ट मधली होती: नदी चढली की नाल्याचं पाणी अडतं, उतरली की सुटतं. त्या दिवशी नदी तासातासाला किती चढली, हे नकाशाच्या कडेला सांगायला हवं होतं. पण नदीच्या पातळीची नोंदवही ऑफिसच्या तळघरात होती आणि त्याच पुरात तिचा लगदा झाला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बुधवारी सकाळी भिंगरीने सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काही आठवतं का. त्यांनी सरळ चपला घातल्या.

नाल्याच्या तोंडाशी पायऱ्या आहेत, एक लोखंडी कडी आहे, कधीच मोडून पडलेल्या जुन्या दाराचं मोठं चाक आहे. त्या दिवशी पातळीची पट्टी वाहून गेल्यावर सासूबाई दर तासाला याच खुणा बघून फोनवर पाणी कळवत होत्या. दहाला चौथी पायरी, अकराला सातवी, बाराला कडी बुडाली, एकला चाक अर्धं, दोनलाही तेवढंच, तीनला कडी पुन्हा दिसली. भिंगरी मोजणीच्या दुर्बिणीतून उंची वाचत होती आणि सासूबाई आकडे आखलेली लांब पट्टी धरून एकेका जागी ताठ उभ्या राहत होत्या. पट्टी कणभर कललेली त्यांना खपत नव्हती. एकदा तर त्यांनी सुनेलाच दटावलं, "आधी दुर्बिणीतला बुडबुडा मधोमध आण, मग वाच."

दुपारी ते आकडे कडेला भरले आणि दोघी ऑफिसात पडद्यासमोर बसल्या. नदी चढू लागली तशी निळी रेघ नाल्यातून मागे सरकली. त्यांच्या गल्लीत पाणी घोट्याशी थांबलं. इस्त्रीवाल्याच्या दुकानात ते गुडघ्याला लागलं, फोटोतल्यापेक्षा चारच बोटं कमी. सासूबाई पडद्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे तर अगदी तसंच आलं होतं." भिंगरीचा जीव भांड्यात पडला. मग का कोण जाणे, दोघींना हसूच आवरेना. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले.

साहेबांनी आधी नाक मुरडलं. आठवणीवर कुठे नकाशा चालतो का, असं त्यांचं म्हणणं. भिंगरीने सांगितलं की आठवणीवर नुसता विश्वास ठेवायचा नाहीच, ती तपासायची. वस्तीतल्या अकरा घरांच्या भिंतींवरचे पुराचे डाग तिने संध्याकाळपर्यंत मोजून आणले. नऊ ठिकाणी उत्तर जुळलं. दोन ठिकाणी नाही, आणि तेही तिने न लपवता कागदावर मांडलं.

गुरुवारच्या बैठकीत घरं हलवायचा विषय निघालाच नाही. नाल्याच्या तोंडाला नदीचं पाणी आत येऊ न देणारं झडपेचं दार बसवायचं आणि इस्त्रीवाल्याचा कोपरा उंच करायचा, असं ठरलं. बातमी वस्तीत तिच्या आधी पोचली होती. इस्त्रीवाल्याने तिला वाटेत गाठून विचारलं की नकाशात त्याचं दुकान थोडं फिकट निळं दाखवता येईल का, गिऱ्हाईक बिचकतं. ती म्हणाली, दार बसल्यावर ते आपोआप फिकट होईल.

शहरात असे आणखी चार नाले नदीला मिळतात. त्यांच्या खुणा सांगायला ऑफिसने सासूबाईंना रीतसर पत्र पाठवून बोलावलं. सोमवारी सकाळी जीप दारात आली तेव्हा त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि कुठल्या रस्त्याने जायचं यावरून पहिल्याच वळणावर ड्रायव्हरशी वाद घालू लागल्या. मागे दुर्बीण मांडीवर घेऊन बसलेली भिंगरी त्यांची बाजू घेत होती.