होऽ होऽ म्हणणारा माझा नेमसिंग

मित्रांनो, मी एक जुनी, वर बसून चालवायची गवत कापायची गाडी आहे. सिद्धेश्वरच्या देवळाच्या वाटेवरच्या एका बंगल्यामागे, पत्र्याच्या खोलीत पडून आहे. माझ्या सीटवर आता कोंबडी अंडी घालते. घालू दे बापडी! मला वाट आहे ती एकाच माणसाच्या एका शब्दाची.

१९७३ साली मी इथे आले, तेव्हा मला चालवायला तांड्यावरचा नेमसिंग ठेवला. सगळा जन्म बैलगाडीवर गेलेला! पहिल्याच दिवशी समोर फुलांचा वाफा आला, तसा तो स्टिअरिंग मागे ओढत ओरडला, "होऽ होऽ!" मी काय थांबते? गेले की सरळ शेवंतीत! झाडलोट करणाऱ्या मालनबाई पोट धरून हसल्या. "अवं नेमसिंगदादा, बैल हाय का ती? ब्रेक दाबा की!"

पण पुढे काय शिकला म्हणता! आधी पायी फिरून खडे वेचायचा. दंव वाळल्याशिवाय मला बाहेर काढायचा नाही. पातं उंच ठेवून गवताचा नुसता शेंडा घ्यायचा. कापत जाताना दुसरा पट्टा पहिल्यावर जरासा चढवायचा, म्हणजे मधे गवताची शेंडी राहत नाही. ब्रेक दाबतानाही "होऽ होऽ" म्हणायचाच. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग माझ्या बॉनेटला लावायचा. मी कशी फुगायचे म्हणून सांगू!

एकदा बंगल्यात लग्न होतं. आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली. बंगल्याचे कारभारी म्हणाले, "आत्ताच काप. बुडापासून."

नेमसिंग अडला. "गवत ओलं हाय, मालक. बुडातून कापलं तर जळून जाईल. उद्या ऊन पडलं की कापून देतो."

झालं! त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि जीपच्या ड्रायव्हरला माझ्यावर बसवलं. त्यानं खडे वेचले नाहीत. खाडकन आवाज झाला, माझं पातं वाकलं. हिरवळ महिन्याभरात करपली आणि मला इथे कोंडलं.

मित्रांनो, यंत्र जपा. आणि ते कसं चालवायचं हे ज्याला कळतं, त्यालाही जपा. त्याचं ऐका.

पाच पोळे कोरडे गेले. परवाच्या पोळ्याला कडी वाजली. नेमसिंग! केस पांढरे झालेले, हातात रंगाची वाटी. त्यानं कोंबडीला अलगद बाजूला ठेवलं, बॉनेट पुसून रंग लावला. मग सीटवर बसला आणि सवयीनं हळूच म्हणाला, "होऽ होऽ."

अरे नेमसिंग, मी थांबूनच आहे रे. तू मला एकदा चल म्हण.