औषध घेतलं काही?

मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२५. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. दिग्रसमधील एका रुग्णालयाच्या महिला कक्षात खाटा वीस होत्या आणि रुग्ण पंचवीस. सव्विसावी रुग्ण चाकाच्या खुर्चीतून नुकतीच आत येत होती आणि कक्षाच्या प्रमुख परिचारिका मधुवंती सिस्टर तिच्यासाठी भिंतीलगत गादी घालून घेत होत्या.

मधुवंतीचा कामाचा उरक साऱ्या रुग्णालयात प्रसिद्ध होता. नव्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, ताप आणि पूर्वीच्या आजारांची चौकशी, हे सारे ती चार मिनिटांत उरकत असे. मंगळवारी यवतमाळहून एसटीने परिचर्या शिकवायला येणाऱ्या रत्नप्रभा मॅडमच्या विद्यार्थिनींना मुद्दाम तिच्याकडेच पाठवले जाई. पुस्तकात एक प्रश्न आहे: 'आपण सध्या नियमितपणे कोणती औषधे घेत आहात?' अठरा वर्षांच्या घाईत हा प्रश्न घासून घासून मधुवंतीने तीन शब्दांवर आणला होता, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

नवी रुग्ण मानीबाई. वय साठीच्या आसपास, हातात कोपरापर्यंत पांढरे चुडे, कपाळावर गोंदण. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरून मुलगा संजय तिला मोटारसायकलवर मधे बसवून, मागे चुलतभावाला धरायला लावून घेऊन आला होता. सकाळी कापूस वेचता वेचता ती घामाने चिंब झाली, असंबद्ध बोलू लागली आणि तासातच पडली. तपासणीत रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. सलाईनमधून ग्लुकोज देताच बाई डोळे उघडून बोलू लागली. डॉक्टरांनी सांगितले होते, "शुगरचा आजार नाही म्हणतात. उपाशीपोटी उन्हात राबल्यामुळे असेल. पण काही औषधं चालू आहेत का, ते नीट विचारा. नसतील तर बारा वाजता सलाईन काढा आणि जेवू द्या."

मधुवंती गादीशेजारी उभी राहिली. दोन विद्यार्थिनी मागे होत्या.

"मानीबाई, शुगर आहे?"

"नाई."

"बीपी?"

"नाई वो बाई."

"औषध घेतलं काही?"

मानीबाईने मान वर केली. मग तिने पदर पुढे ओढला आणि मोठ्याने म्हणाली, "मी कायले औषध घेऊ? माह्या घरात काय कमी हाय? पोरगं सोन्यावानी, सून गुनाची. कोन्या दुःखानं घेऊ मी औषध? मले त फकस्त पायाच्या..."

"मावशी, गोष्ट नको. हो का नाही, एवढंच सांगा."

"नाई!" मानीबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मधुवंतीने 'औषधे नाहीत' अशी नोंद केली आणि वळून विद्यार्थिनींना म्हणाली, "पाहिलंत? पेशंट पाल्हाळ लावतो. आपण त्याला मुद्द्यावर आणायचं."

पलीकडच्या खाटेवर तुळसाबाई होती. तिच्या पायाला प्लास्टर होते, तोंडाला मात्र कसलीच अडचण नव्हती. ती शेजारणीला म्हणाली, "आयकलं का? औषध घेतलं म्हनते थ्या बाईनं. या वयात! काहून घेतलं असंल?"

"सुनेनं छळलं असंल," शेजारीण म्हणाली.

बारा वाजता सलाईन निघाले. मानीबाई जेवली मात्र नाही. ताट तसेच पडून राहिले. तीन वाजता संजय धावत आला. "सिस्टर, याडी बोलून नाही राह्यली!"

बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. याडीचे डोळे अर्धवट उघडे होते, अंगावरचे लुगडे घामाने भिजले होते, आणि हाका मारूनही ती ओ देत नव्हती. साखर पुन्हा घसरली होती, सकाळपेक्षाही खाली! डॉक्टर धावले, ग्लुकोज पुन्हा सुरू झाले. "असं कसं होतं?" डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. "काही औषध पोटात असल्याशिवाय साखर पुन्हा अशी घसरत नाही. सिस्टर, तुम्ही विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं, सर. नाही म्हणाल्या."

हे ऐकताच दाराशी उभा असलेला संजय पुढे आला.

"काय इचारलं तुम्ही? सिस्टर, तुमच्या या वार्डातून बातमी निंगाली का माह्या मायनं औषध घेतलं! तांड्यावर पोहोचली बी. दोन वाजता माह्या बायकोच्या भावाचा फोन आला. म्हने, माह्या बहिनीनं असं काय केलं का तिच्या सासूनं औषध घ्यावं? माही बायको रंजिता तवापासून रडून राह्यली. तिनं सासूले सख्ख्या मायपरीस जास्त जपलं, अन् आज तिच्याच दारात लोक जमा झाले!"

मधुवंतीला काही कळेना. "पण मी तर साधा प्रश्न..."

"मले नुकसानभरपाई नको," संजय म्हणाला. "पन माही बायको उद्या कोन्या तोंडानं पान्याले जाईल, थे सांगा."

मधुवंती औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. विद्यार्थिनींचा तास संपवून रत्नप्रभा मॅडम तिथे आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, अठरा वर्षांपूर्वी मधुवंतीलाही त्यांनीच शिकवले होते. त्यांनी आधी मुलींना चहाला पाठवले आणि दार लोटून घेतले.

"मधू, तू काय विचारलंस ते शब्दाला शब्द सांग."

"मॅडम, नेहमीचंच. औषध घेतलं काही?"

"आज सकाळी आठ वाजता अपघात कक्षातून तुला फोन आला होता. मी इथेच बसले होते. तू फोन ठेवून वॉर्डबॉयला काय सांगितलंस?"

मधुवंतीने आठवून पाहिले. "एक मुलगी... औषध घेतलेली केस येते आहे, खाट मोकळी..."

ती मधेच थांबली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

कपाशीच्या या मुलखात औषध हा शब्द दोन कामे करतो. दवाखान्यात मिळते तेही औषध आणि पाठीवरच्या पंपात भरून शेतात फवारतात तेही औषध. पण 'औषध घेतलं' असे म्हटले की इथे कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही. त्या माणसाने जिवाचे बरेवाईट करायला फवारणीचे विष पोटात घेतले, एवढाच त्याचा अर्थ. मधुवंती यवतमाळात जन्मली, यवतमाळात वाढली. आठवड्यातून एकदा तरी हा शब्द ती स्वतः त्याच अर्थाने उच्चारत होती. आणि आज भरल्या कक्षात, पंचवीस बायांच्या देखत, उंचावरून, एका म्हाताऱ्या बाईला तिने विचारले होते: तू विष घेतलेस काय?

"मॅडम, मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही हो!" तिचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं."

"माहीत होतं. पण आपल्या तोंडून काय निघतं ते तू ऐकणं सोडून दिलंस," रत्नप्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "आणि शब्दाची चूक कुणाच्याही हातून होते, मधू. मला दुसरं विचारायचं आहे. ती काय बोलली?"

"म्हणाली, मी कशाला घेऊ, घरात काय कमी आहे..."

"म्हणजे तिने काय ऐकलं, ते तिने तुला तिथल्या तिथे सांगितलं. अशिक्षित बाईने तुझ्या प्रश्नाची चूक तुझ्या हातात आणून दिली. तू काय केलंस?"

"हो का नाही एवढंच सांगा म्हणाले."

"त्याच्या आधी ती काही सांगत होती?"

मधुवंतीने डोळे मिटले. "पायाच्या... पायाचं काहीतरी. मी तोडलं."

"नाडी बोटांनी मोजतो तेव्हा आपण मधेच हात काढत नाही ना? पूर्ण मिनिट थांबतो. मग बोलण्याला का थांबत नाही? तपासणीची सुरुवात तिथूनच आहे. आणि तू उभी होतीस की बसली होतीस?"

"उभी."

रत्नप्रभाताईंनी कोपऱ्यातले स्टूल उचलून तिच्या हाती दिले.

तोवर मानीबाई शुद्धीवर आली होती. ग्लुकोज चालूच होते. मधुवंतीने गादीभोवती पडदा ओढला, पण स्टूल गादीपेक्षा उंच दिसले, म्हणून ते बाजूला सारून ती खाली फरशीवरच बसली.

"याडी," ती म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला वाईट प्रश्न विचारला. माझ्या मनात तसं नव्हतं, पण शब्द तोच होता. चूक माझी आहे."

मधुवंतीने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने म्हातारीने चुड्यांचा हात उशीखालून काढला.

"मले वाटलं, तू पोलिसायले बलावशीन."

"नाही बोलावणार. मला फक्त सांगा, आज सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय केलं? सावकाश सांगा."

"काय करू? उठली. शेन काढलं. काया चहा घेतला. मुंग्यांच्या गोया घेतल्या. मंग वावरात गेली."

"मुंग्यांच्या गोळ्या?"

"माह्या पायाले मुंग्या येतेत. जमनीच्या पायाले बी येत. तिले डाक्टरनं गोया देल्ल्या, अन् तिले बरं वाटलं. आता जमनी माही लहानपनची मैतरीन. पोयाचा सन झाल्यापासून एक थे घेते, एक मी घेते. काल पाय लय झिनझिनले, म्हून आज दोन घेतल्या."

मधुवंती पुढे सरकली. "जमनीला शुगर आहे का?"

"हाय ना! लय दिसाची."

"आणि गोळी घेतल्यावर भाकर?"

"आधी घरी खात होती. आता येचनी लागली. भाकर वावरात, दहा वाजता."

पत्ता लागला होता! साखर कमी करणाऱ्या दोन गोळ्या, त्याही शुगरचा आजार नसलेल्या बाईच्या रिकाम्या पोटात. त्यांचा अंमल दिवस-दीड दिवस राहणार होता, आणि अशा वेळी आपण बारा वाजता सलाईन काढले होते! रात्री निजेत हे घडले असते तर कुणाला कळलेही नसते.

"याडी, हे सकाळी का नाही सांगितलं हो?"

म्हातारीने तिच्याकडे नवलाने पाहिले. "तू गोयीचं कुठी इचारलं? तू त औषधाचं इचारलं."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मधुवंतीची मान खाली गेली.

डॉक्टरांनी ग्लुकोज दोन दिवस चालू ठेवायला आणि दर तासाला साखर तपासायला सांगितले. संजयने तांड्यावर फोन करून जमनीला गोळ्या वाटल्याने काय झाले ते सांगितले, तेव्हा पलीकडून "मले वाटलं पुन्य लागते!" असे ऐकू आले. मानीबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पण एक काम राहिले होते. संध्याकाळी पाचला नातेवाइकांची भेटायची वेळ झाली, कक्ष भरला. मधुवंती संजयला म्हणाली, "दादा, रंजिताला फोन लावा. आवाज मोठा ठेवा."

ती कक्षाच्या मधोमध उभी राहिली. तिने फोन वर धरला. अठरा वर्षांत तिने इथे अनेकांना गप्प केले होते; आज सारे आपणहून गप्प झाले.

"रंजिता, मी दवाखान्यातली सिस्टर मधुवंती बोलते. तुझ्या सासूबाईंनी औषध घेतलेलं नाही. त्यांनी मैत्रिणीच्या शुगरच्या गोळ्या घेतल्या होत्या. औषध हा शब्द मी वापरला, चुकीचा वापरला, आणि त्यांचं बोलणं पूर्ण ऐकलं नाही. तुझ्या घरावर बोट उठलं ते माझ्यामुळे. वॉर्डातल्या सगळ्या ऐकताहेत. मी तुझी माफी मागते."

फोनमधून थोडा वेळ नुसते हुंदके ऐकू आले. मग प्रश्न आला, "याडी जेवली का?"

तुळसाबाईने डोळ्याला पदर लावला. "मीच पसरवलं वो," ती पुटपुटली. "सिस्टरनं इचारलं, अन् मी पुरं केलं."

वाचकहो, आपणही रोज कुणाला तरी प्रश्न विचारत असतो, कचेरीत, शाळेत, बँकेच्या खिडकीवर, स्वतःच्या घरात. आपल्या सोयीने तो आखूड करतो आणि समोरचा चुकला असे म्हणतो. पण समोरच्याने जो प्रश्न ऐकला, तोच खरा विचारला गेलेला प्रश्न होय. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याने बसावे, समोरच्याच्या शब्दांत विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे. आजारी माणसाच्या बाबतीत ही शिष्टाचाराची बाब नाही. त्यावर जीव अवलंबून असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंतीने कक्षातल्या सर्व सव्वीस जणींची चौकशी नव्याने केली, खाली बसून, एकेकीजवळ: "घरी रोज कोणत्या गोळ्या, काढे, पुड्या पोटात जातात?" जुन्या तीन शब्दांना त्यांच्यापैकी तिघींनी होकार दिला होता.

या वेळी काही ना काही घेणाऱ्या निघाल्या चौदा.