फाटकावरची पाटी

“आराम? एवढंच लिहिलंय?” बायकोनं विचारलं.

“एवढंच. बागेच्या फाटकावर. शिपायानं माझ्या डोळ्यांदेखत ठोकली.”

माळीमामांनी ताट बाजूला सारलं. शाळेमागची ती बाग त्यांनी दगडगोटे वेचून उभी केली होती. शिडीवरून घसरल्यापासून ते जरा लंगडत, आणि मोठ्या बाई ऑफिसच्या खिडकीतून ते बघत असत. त्यात आता ही पाटी.

“मला घरी बसवणार.”

“अहो, तसं असतं तर तोंडानं सांगितलं असतं.”

“तोंडानं सांगायला धीर लागतो. पाटीला नुसते खिळे लागतात.”

दुसऱ्या दिवसापासून मामांनी बसणंच सोडलं. पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचे. झाडाखालचं स्टूल त्यांनी अवजारांच्या खोलीत टाकलं. शिपाई हसला, की वाटे, ह्याला सगळं ठाऊक आहे. बाईंनी “बरं आहे ना, मामा?” विचारलं, की “ठणठणीत!” असे खेकसत, की वर्गातली मुलं खिडकीशी येत.

शेवटी बाईच बागेत आल्या. “स्टूल कुठं गेलं?”

“मला आराम नको, बाई. हातपाय चालतात अजून.”

बाईंना आधी उमगेना. मग त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अहो मामा, हा संस्कृतातला आराम! शब्द फोडून बघा. त्यात रमणं आहे की नाही? मन रमतं ती जागा म्हणजे आराम. म्हणजे बाग. आपला विश्रांतीचा आराम फारसीतून आला.”

“मग सरळ बाग लिहायचं.”

“मुलांनी अर्थ विचारावा म्हणून लिहिलं. विचारलं फक्त तुम्ही, तेही रागावून.”

“म्हणजे मला काढत नाही?”

“छे! तुम्ही आहात तोवर मला कसली काळजी?”

‘आहात तोवर’ हे दोन शब्द मामांनी घरापर्यंत चघळत नेले.

सकाळी बाई आल्या, तेव्हा मामा फाटकाच्या खांबाशी वेल लावत होते.

“मामा, पाटी झाकून जाईल की!”

“जाईल. पण वेल आपणहून पाटीपर्यंत जात नाही, बाई. रोज वळवावी लागते, बांधावी लागते. सवयीचा हात लागतो.” त्यांनी मान वर केली नाही. “दोन-तीन वर्षं तरी.”

बाईंनी पर्स फाटकाला अडकवली आणि सुतळीचं दुसरं टोक धरलं. मामांनी गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मग आणखी एक मारली.